गालाचा रंग

१

लेकीचा फोटो स्टुडिओ घराच्या पुढच्या खोलीत आहे आणि मी मागच्या खोलीत बसतो. मधल्या दाराला जाड काळ्या कापडाचा पडदा आहे. ती पुढे फोटो काढते, तो वायरीतून माझ्यासमोरच्या संगणकावर येतो आणि मी त्याला रंग लावतो. ‘लावतो’ हा माझा जुना शब्द. लेक म्हणते, बाबा, आता रंग लावत नाहीत, सुधारतात.

तरुणपणी मी काळ्या-पांढऱ्या फोटोंमध्ये कुंचल्याने रंग भरायचो. शाळा फार झाली नाही. ज्या मालकांच्या हाताखाली होतो, त्यांनी शिकवलं तेवढंच. ते कमी बोलायचे, पण एक गोष्ट त्यांनी पहिल्याच दिवशी सांगितली होती. चेहऱ्याचा कुंचला भिंतीला लावायचा नाही. का, ते सांगितलं नाही. मी समजलो, रंग मळतो म्हणून.

संगणकावर कुंचल्याऐवजी ठिपका आहे. चेहऱ्यावर एका जागी ठिपका ठेवला, की भोवती एक मोठं वर्तुळ उमटतं. ठिपक्याखाली जो रंग असेल, त्याच्यासारखा रंग त्या वर्तुळात जिथे जिथे सापडेल तेवढाच हा प्रोग्राम उचलतो. बाकीच्याला हात लावत नाही. काय उचललं ते कळावं म्हणून तो त्यावर एक लाल पडदा टाकून दाखवतो. मग आपण पट्टीवरची घुंडी सरकवायची. गाल तांबूस करा, फिके करा; केस, कपडे, भिंत जशीच्या तशी राहते. मला हे फार आवडलं. मालकांचं बोलणं कुणीतरी यंत्रात घालून ठेवल्यासारखं वाटलं.

रोज सकाळी गिऱ्हाईक यायच्या आधी लेक चाचणीचा एक फोटो काढते. राखाडी भिंतीपुढे एक रुंद स्टूल आहे. त्यावर तिची मुलगी हातात राखाडी रंगाचं कार्ड धरून बसते. त्या कार्डाचा रंग पक्का असतो. ते फोटोत बरोबर दिसलं की उजेड बरोबर, आणि उजेड बरोबर तर दिवसभराचे रंग बरोबर. नातीला आम्ही भिंगरी म्हणतो, कारण ती एका जागी ठरत नाही. त्या स्टुलावर मात्र ठरते. कार्ड छातीशी धरून, मान ताठ करून अशी बसते, की सगळं दुकान तिच्याच जिवावर चाललंय.

त्या वेळी ती नुकतीच तापातून उठली होती. फोटोत गाल उतरलेले दिसले. मला ते बघवेना. मी तिच्या गालावर ठिपका ठेवला. लाल पडदा चेहऱ्यावर पसरला, मानेवर आला, कार्ड धरलेल्या बोटांवर आला. आणि मागच्या भिंतीवर, वर कोपऱ्याकडे, तळहाताएवढा एक डागही लाल झाला.

भिंतीवर कशाची तरी तांबूस झाक पडली असेल, यंत्राला रंग सारखा वाटला असेल. असा भटका डाग पुसून निवडीतून काढायचा असतो. पण पुढून भिंगरी हाका मारत होती, तिची दोरीवरच्या उड्यांची दोरी कपाटावर अडकली होती. मी म्हटलं, राहू दे. घुंडी सरकवली. गाल भरून आले. तो डागही जरासा उबदार झाला, माझ्याशिवाय कुणाला दिसलाही नसता इतकाच.

मग आणखी एक केलं. माझा हात यंत्रावर सावकाश चालतो म्हणून लेकीने एक सोय शिकवली होती. केलेली सुधारणा नाव देऊन ठेवायची, म्हणजे पुढच्या फोटोंना ती आपोआप लागते. मी तिला ‘भिंगरी’ असं नाव दिलं आणि रोजच्या चाचणीच्या फोटोला लावून टाकली. पोर रोज बरी दिसावी, एवढंच मनात होतं.

२

काही दिवसांनी सहज म्हणून मी लाल पडदा टाकून बघितला. डाग वर कोपऱ्यात नव्हता. खाली आला होता, आणि मोठा झाला होता.

भिंत जागची हलत नाही. मग डाग कसा हलला? मी गिऱ्हाइकांचे फोटो काढून बघितले. एक बाई ओळखपत्रासाठी आल्या होत्या. दोन भाऊ आले होते, एकाच चेहऱ्याचे आणि एकमेकांशी न बोलणारे. त्यांच्या गालांवर ठिपका ठेवला. पडदा चेहऱ्यापुरता पडला, भिंत स्वच्छ. तीच भिंत, तेच स्टूल, तोच दिवा. डाग फक्त भिंगरीच्या फोटोत.

मी पुढच्या खोलीत गेलो आणि भिंतीवरून हात फिरवला. गार, कोरडी, जरा खरखरीत. भिंतीसारखी भिंत.

माझा संशय जावयावर गेला. माणूस वाईट नाही, पण थट्टेखोर. बाहेरच्या काचेत माझा एक फोटो आहे, त्याला त्याने एकदा मिशा काढल्या होत्या आणि त्या मिशांसकट तो फोटो आठवडाभर तिथे होता. सगळे हसले, मला सगळ्यांत शेवटी कळलं. भिंत रंगवली तीही त्यानेच, आणि संध्याकाळी संगणकावर पत्ते खेळायला बसतो तोही तोच. मी आडून आडून विचारलं. त्याला आधी कळलंच नाही. कळलं तेव्हा मात्र खुर्चीला धरून हसला.

“बाबा, भिंतीला कान असतात असं ऐकलं होतं,” तो म्हणाला. “तुमच्या भिंतीला गाल फुटले.”

पुढे म्हणाला की डोळ्यांच्या ऑपरेशनने तुम्हाला जरा जास्तच दिसायला लागलंय, डॉक्टरांना सांगून थोडं परत करून या. मीही हसलो. माझे डोळे खरोखरच नवे होते. मोतीबिंदू काढल्यावर रंग अंगावर येतात, निळा तर बघवत नाही. पण नवे डोळे डाग पाडतील, तो खाली कसा उतरवतील? मी लेकीकडून संगणकाला कुलूपशब्द घालून घेतला आणि जावयाला सांगितला नाही. तो दोन दिवस रुसल्याचं नाटक करत हिंडला.

डाग तरीही खाली येतच राहिला.

३

तेव्हा मी एक युक्ती केली. पांढऱ्या कागदी चिकटपट्टीचा एक लांब तुकडा भिंतीवर उभा लावला, बरोबर आदल्या दिवशी डाग होता त्या जागी. लेकीने विचारलं तर म्हटलं, भिंतीला चीर जाते का बघतोय. डाग रंगाचा असेल तर पट्टीखाली झाकला जाईल. ओलीचा असेल तर पट्टी फुगेल.

सकाळचा फोटो आला. मी ठिपका ठेवला, पडदा टाकला. पट्टीच्या वरच्या टोकापासून खालपर्यंत पांढरी रेघ दिसायला हवी होती. ती मध्येच तुटलेली होती. डाग पट्टीच्या पुढून गेला होता.

मी खुर्चीत मागे टेकलो. पडद्यापलीकडे लेक कुणाशी तरी फोनवर बोलत होती, तिचा आवाज अगदी रोजचा होता. मी मनाशी एकेक पायरी परत चढलो. पट्टी भिंतीवर आहे. डागाने पट्टी झाकली. म्हणजे डाग भिंतीवर नाही. भिंत आणि स्टूल यांच्या मधल्या जागेत आहे. त्या जागेत काही नाही. मी तिथे रोज झाडू मारतो.

त्याच सुमाराला लेक काळजीत पडली. भिंगरी खाते, खेळते, पण तोंडावर रंग नाही. डॉक्टरांनी रक्त तपासलं, सगळं ठीक निघालं. तापानंतरचा अशक्तपणा, म्हणाले, भरून येईल. मी सगळे चाचणीचे फोटो, सुधारणा लागायच्या आधीच्या मूळ रूपात, शेजारी शेजारी मांडले. सगळ्यांत कार्डाचा राखाडी रंग एकच होता, एका ओळीत ओवल्यासारखा. म्हणजे उजेड बदलला नव्हता, कॅमेरा बदलला नव्हता. कार्डाचा रंग जरासुद्धा हलला नाही आणि कार्डाच्या वरचा चेहरा मात्र फोटोगणिक विरत गेला होता. आणि आता तो डाग मूळ फोटोतही, लाल पडद्याशिवाय, नुसत्या डोळ्यांना दिसत होता. तिच्या खांद्यामागे हवेला गालाचा रंग आला होता.

आणखी एक दिसलं. पहिल्या फोटोत ती स्टुलाच्या मधोमध बसली आहे. नंतर जरा बाजूला. शेवटच्या फोटोत ती स्टुलाच्या एका कडेला टेकली आहे, पडेल अशी, आणि उरलेलं स्टूल रिकामं आहे.

मी तिला जवळ घेतलं आणि विचारलं, अशी कडेला का बसतेस गं?

“जागा देते,” ती म्हणाली.

“कुणाला?”

तिने खांदे उडवले. एवढ्या साध्या गोष्टीला काय विचारायचं, असं तिचं तोंड झालं. मग माझ्या मांडीवरून उतरून दोरी घेऊन पुढच्या खोलीत पळाली.

४

मी संगणकापुढे बसलो. पडद्यापलीकडे दोरी फरशीवर आपटू लागली. टप, टप, टप. तिचा एक ठेका असतो, मला तो झोपेतही ओळखू येईल.

मी सरळ विचार केला. रंग मी दिला, मीच काढून घेतो. त्या सकाळचा फोटो उघडला. या वेळी ठिपका तिच्या गालावर ठेवला नाही, त्या डागावर ठेवला. घुंडी धरली आणि हळूहळू खाली ओढली. डाग फिका होऊ लागला. मला बरं वाटलं.

दोरीचा ठेका मंदावला. टप. टप.

दमली असेल, म्हणून मी ओढतच राहिलो.

ठेका थांबला.

मी नजर उचलून फोटोकडे नीट बघितलं. डाग फिका झाला होता आणि भिंगरीचा चेहराही. यंत्राच्या लेखी तो एकच रंग होता. एकाला बोट लावलं की दुसऱ्याला लागत होतं. मी घुंडी घाईने परत वर नेली. क्षणभर काहीच झालं नाही. मग पलीकडे दोरी आपटली. टप. आणि मग टप, टप, टप.

योगायोग, मी म्हटलं. पोरं थांबतात, परत उड्या मारतात. खात्री करायची तर परत ओढून बघावं लागणार होतं. मी बोट घुंडीवर ठेवलं आणि केसाएवढी सरकवली. दोरी अडखळली. मी हात उचलला आणि काखेत घालून बसलो.

थोड्या वेळाने पडदा सारून लेक आली. भिंगरी तिच्या खांद्यावर मान टाकून होती. दोरी खेळता खेळता मध्येच भिंतीला टेकून उभी राहिली, लेक म्हणाली, आणि मला ओळखच देईना.

मी एवढंच सांगितलं, की तिला त्या स्टुलावर बसवू नकोस. लेकीने माझ्याकडे बघितलं, मग माझ्यामागे संगणकाकडे. तिथे तिच्या मुलीचे सगळे फोटो मांडून ठेवलेले होते, एकापेक्षा एक फिका.

“बाबा,” ती हळू आवाजात म्हणाली, “तुम्ही दिवसभर हेच करता? तिचे फोटो फिके करत बसता?”

मन चिंती ते वैरी न चिंती म्हणतात. तिच्या मनात काय आलं ते मला तिच्या डोळ्यांत दिसलं. जे खरं होतं ते तिने विचारल्यापेक्षा वाईट होतं.

५

भिंगरीला वरच्या खोलीत झोपवून ठेवलं. स्टुलावर बसवणं बंद झालं. लेक आता नुसतं कार्ड स्टुलावर उभं करून चाचणीचा फोटो काढायची. मला वाटलं, संपलं.

पण ‘भिंगरी’ नावाची सुधारणा आपोआप लागत होती. रिकाम्या स्टुलाचा फोटो आला तेव्हा मी तो बंदच करणार होतो. फोटोत माणूस नाही, यंत्राला उचलायला काही सापडणार नाही. तरी पडदा टाकला.

स्टुलाच्या अर्ध्या भागावर, रिकाम्या हवेत, लाल रंग होता. गालाची गोलाई होती. मान होती. खाली, कार्डाच्या दोन्ही कडांना, बोटांएवढे लहान लहान तुकडे होते.

वर पोर अंथरुणात पडून होती आणि जिन्यावरून जावई डॉक्टरांना फोन करत वरखाली करत होता. त्याने त्या दिवसांत एकही थट्टा केली नाही.

सुधारणा काढून टाकावी तर रंग जाणार, आणि तो कुणाचा जाईल ते मी दोरीच्या आवाजात ऐकलं होतं. ठेवावी तर तिकडे भरत जाणार आणि इकडे रितं होणार. मी मालकांना आठवत बसलो. एकदा माझ्या हातून एका फोटोत ओठांचा रंग बाहेर पसरला होता आणि मी तो खरवडायला निघालो होतो. त्यांनी माझं मनगट धरलं होतं. खरवडू नकोस, कागद फाटेल, म्हणाले. पसरलेल्या रंगाला दुसरी जागा दे. मग त्यांनी त्या फोटोतल्या बाईच्या हातात एक फूल काढलं आणि तो रंग त्या फुलात जिरवला.

लेक दुपारी भिंगरीजवळ वर होती. स्टुडिओत कुणी नव्हतं. मी स्वच्छ सदरा घातला, केस विंचरले. कॅमेऱ्याला आपोआप चालणारी कळ असते ती दाबली आणि कार्ड घेऊन स्टुलावर जाऊन बसलो. मधोमध बसलो, जागा दिली नाही. पाठीमागे, मानेजवळ, कुणीतरी ओल्या कापडाची घडी सावकाश उलगडावी तसा आवाज झाला. मी मान वळवली नाही. भिंगरी कशी न वळवता बसायची, ते मला त्या वेळी कळलं. दिव्याचा लखलखाट झाला.

मागे येऊन मी तो फोटो उघडला आणि ठिपका माझ्या स्वतःच्या गालावर ठेवला. लाल पडदा माझ्या चेहऱ्यावर पसरला, कपाळावर, कानांवर. माझ्या खांद्यामागेही पसरला. म्हातारी कातडी त्याला चालली. मी घुंडी जेवढी वर जाते तेवढी नेली आणि सुधारणा जपून ठेवली, नाव तेच देऊन. यंत्राने विचारलं, या नावाची एक आधीच आहे, तिच्या जागी ही ठेवू का?

मी हो म्हटलं.

वरून काहीतरी पडल्याचा आवाज आला, मग धावल्याचा, मग लेकीचा ओरडा, की अगं अनवाणी नको, फरशी गार आहे.

६

भिंगरी आता परत भिंगरी झाली आहे. गाल सफरचंदासारखे आहेत. डॉक्टर म्हणतात, मुलांचं असंच असतं. चाचणीच्या फोटोला रोज मी बसतो. लेकीला आधी नवल वाटलं, मग तिला ते आवडलं. माझ्याशी ती पूर्वीसारखी बोलायला लागली आहे. बाबांना उतारवयात हौस आली, असं ती गिऱ्हाइकांना सांगते. भिंगरीला स्टुलावर चढायची बंदी आहे, त्याचं कारण मी पाय निसटेल असं सांगितलं आहे. कुलूपशब्द मी बदलला आहे, तो कुणाला दिलेला नाही.

जावई मधूनमधून दारात उभा राहून माझ्याकडे बघतो. परवा म्हणाला, बाबा, तुम्ही तो राखाडी सदरा घालू नका, भिंतीत मिसळून जाता. मी निळा सदरा घातला होता. मी त्याला तसं सांगितलं नाही.

काल सकाळी फोटो आला. मी नेहमीसारखा ठिपका माझ्या गालावर ठेवला आणि पडदा टाकला. यंत्राने कार्ड उचललं. भिंत उचलली, वरपासून खालपर्यंत. माझा चेहरा उचलला, हात उचलले. सगळं एकाच लाल रंगाखाली गेलं, कारण सगळ्याचा रंग एकच होता. फोटोत फक्त एकच आकार पडद्याबाहेर राहिला होता, माझ्या डाव्या खांद्याशी, जिवंत माणसाच्या कातडीच्या रंगाचा. त्याचं कपाळ माझ्यासारखं होतं. खांदे माझ्यासारखे उतरलेले होते. तो फोटो मोठा करून बघता येतो. मी केला नाही.

आज सकाळी लेक दिव्याची वायर आणायला आत गेली होती आणि मी कार्ड धरून स्टुलावर बसलो होतो. दार उघडून एक बाई आत आल्या, ओळखपत्राच्या फोटोसाठी. त्यांनी खोलीभर नजर फिरवली. ती माझ्यावरून गेली आणि थांबली नाही.

“कुणी आहे का?” त्यांनी विचारलं.

मी बोलणार होतो. तेवढ्यात भिंगरी जिन्यावरून धावत आली, दोरी गळ्यात घालून.

“आजोबा आहेत ना,” ती म्हणाली. “ते काय, तिथे बसलेत.”

आणि तिने बोट दाखवलं, माझ्याकडे नाही, माझ्या डाव्या खांद्याच्या जरा वर. बाईंनी तिकडे बघितलं. त्यांच्या चेहऱ्यावर ओळखीचं हसू आलं.

“अगंबाई, आजोबा, दिसलाच नाहीत,” त्या म्हणाल्या, आणि माझ्या मागे कुणीतरी हसलं.

मी स्टुलावर जरा कडेला सरकलो.